सुरी कुणाची?

"या वयात सुरी कशाला हवी तुला?" असं विचारणारे आतापर्यंत चार फोन येऊन गेले. धाकटे दीर, बहीण, शाळेतल्या एक जुन्या सहकारी बाई, आणि चौथा भाचा. भाच्याला वाटलं मी स्वयंपाकघरातली सुरी शोधतेय, म्हणून त्याने वाशीच्या एका मोठ्या दुकानाचं नाव सुचवलं. तेव्हा मंडळी, प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकते. सुरी हवी होती ती लाकूड कोरायला. तीही फिनलंडमध्ये वापरतात तशा घडणीची, आणि पेन्शनीत बसणारी.

पण मी पडले इतिहासाची बाई. एखादी वस्तू घ्यायची म्हटलं की ती आली कुठून, आधी कुणाच्या हातात होती, हे बघितल्याशिवाय चैन पडत नाही. सुरीचा शोध घेता घेता मी फिनलंडहून वर्ध्याला आणि तिथून पनवेलच्या रस्त्यावर कशी पोचले, त्याची ही गोष्ट आहे. थोडी लांबेल. चहा घेऊन बसा.

आधी आपल्या घरातलं बघू. मराठीत कापणाऱ्या, तासणाऱ्या वस्तूंना किती नावं आहेत! विळी, विळा, कोयता, खुरपं, सुरी, चाकू, अडकित्ता, रापी, वस्तरा, नराणी, पटाशी, वाकस. (कट्यार, बिचवा, खंजीर, जांबिया ही लढाईतली मंडळी मी सोडूनच देते.) वहीच्या मागच्या पानावर ही यादी करत होते, तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक नावाशेजारी आपोआप एक माणूस उभा राहतो. रापी म्हटली की चांभार. वस्तरा आणि नराणी म्हटली की न्हावी. पटाशी, वाकस, रंधा म्हटलं की सुतार. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली 'गावगाडा' लिहिला, त्यात बलुतेदारांची जी रचना सांगितली आहे ती एका अर्थी पात्यांची वाटणीच आहे. कोणतं पातं कुणी धरायचं हे जन्माच्या वेळीच ठरलेलं.

यावर कुणी म्हणेल, विळा-कोयता तर सगळेच वापरत. खरं आहे. खुरपं, विळा, विळी ही कुणा एका जातीची नव्हती. पण नीट बघा, ही सगळी पाती पीक, गवत, भाजी कापायची. वस्तू *घडवायची* पाती मात्र वाटून दिलेली होती. शेतकऱ्याच्या नांगराचा दांडा मोडला तर तो सुताराकडे जायचा आणि वर्षाच्या शेवटी खळ्यावर त्याला बलुतं घालायचा. व्यवस्था म्हणून ते चालत होतं. पण त्यामुळे झालं काय, की गावातली बहुतेक माणसं आयुष्यभर लाकडाच्या शेजारी राहूनही लाकडाला अनोळखी राहिली. आणि लिहिणारे-वाचणारे तर सगळ्यात जास्त. आमच्या माहेरी पुस्तकांची दोन कपाटं होती, पण स्टुलाचा पाय हलायला लागला की सुताराची वाट बघत ते स्टूल महिनामहिना भिंतीला टेकून उभं असायचं.

एक अपवाद सांगायलाच हवा. कर्नाळ्याच्या बाजूला, पनवेलच्या डोंगरांत ठाकर-कातकरी माणसं कमरेला लाकडी आकडी बांधतात आणि तिच्यात कोयता अडकवतात. त्या एका कोयत्याने ती फाटी तोडतात, बांबू तासतात, वाट मोकळी करतात, काठी सोलतात. हा कोयता कुणा कारागिराचा नाही, ज्याचा त्याचा आहे. फिनलंडची सुरी समजून घ्यायला मला या आकडीतल्या कोयत्याचा फार उपयोग झाला.

तिथल्या सुरीला 'पूक्को' म्हणतात. फिनिश भाषेत 'पू' म्हणजे लाकूड. पूक्को दिसायला अगदी साधी. वीतभरही नसलेलं सरळ पातं, त्याची शेपटी मुठीच्या पोटात गेलेली, मूठ बर्च नावाच्या झाडाच्या लाकडाची किंवा त्याच्याच सालीच्या चकत्या एकावर एक रचून केलेली. मुठीला बोटांसाठी खाचा नाहीत, पात्याजवळ आडवी दांडी नाही. कमरेच्या पट्ट्याला लोंबणारं चामड्याचं म्यान. शेतकरी, कोळी, लाकूडतोड्या, रेनडिअर पाळणारा, सगळ्यांच्या कमरेला हीच. चमचे, दांडे, जाळ्याच्या लाकडी सुया, पाळण्याची खेळणी, सगळं तिनेच. लांब हिवाळ्यात बाहेर बर्फ, आत चूल, आणि चुलीपाशी बसून घरातला प्रत्येक पुरुष काहीतरी कोरतोय. त्यांच्याकडे जुन्या काळी लग्नाच्या वयाची मुलगी कमरेला रिकामं म्यान लावून जत्रेला जायची, आणि तिला मागणी घालणारा मुलगा आपली पूक्को त्या म्यानात सरकवायचा, असं सांगतात. सुरी परत केली नाही की होकार. आपल्याकडच्या पोहे कार्यक्रमापेक्षा बरंच थोडक्यात आटपायचं म्हणायचं!

सगळं काही गोडगोड होतं असं मात्र नाही. पश्चिम फिनलंडच्या काउहावा भागात एकोणिसाव्या शतकात याच सुरीने लग्नसमारंभांत मुडदे पाडणाऱ्या टोळ्या होत्या. पुढे त्याच काउहावात १८७९ साली ईसाक्की यार्वेनपा यांनी सुऱ्यांचा कारखाना काढला आणि ते गाव सुऱ्यांसाठी नावाजलं गेलं. वस्तू तीच, हातावर अवलंबून.

आता शाळेकडे येते. (वाट बघत होतात ना?)

उनो सिग्नेउस हे नाव मी शिक्षणशास्त्राच्या अभ्यासात वाचलं होतं आणि परीक्षेनंतर विसरले होते. जन्म १८१०, मृत्यू १८८८. पेशाने धर्मोपदेशक. १८४० ते १८४५ ही पाच वर्षं हा माणूस पार अलास्कातल्या सिट्का गावी होता, कारण अलास्का तेव्हा रशियाच्या ताब्यात आणि फिनलंडही रशियाच्याच झारच्या छत्राखाली. परत आल्यावर त्याच्याकडे काम आलं ते फिनलंडच्या लोकशाळांची आखणी करण्याचं. १८५८-५९ मध्ये युरोपभर हिंडून त्याने शाळा पाहिल्या. पेस्टालोझी आणि फ्रोबेल यांचे विचार त्याने आधीच पचवलेले होते. १८६३ मध्ये युवास्क्युला इथे फिनिश भाषेतलं पहिलं शिक्षक-विद्यालय त्याच्या हाताखाली सुरू झालं आणि १८६६ च्या लोकशाळा कायद्याने खेड्यातल्या शाळांत मुलांना हस्तकाम सक्तीचं झालं. जगात असं करणारा हा पहिलाच देश.

यात महत्त्वाचं काय, तर सिग्नेउसला सुतार तयार करायचे नव्हते. त्याचं म्हणणं, धंदा शिकवणं हे शाळेचं काम नाही. हाताने काही घडवताना डोळा, मन, धीर, नेमकेपणा यांना जे वळण लागतं ते प्रत्येकाला मिळालं पाहिजे, मग पुढे तो पाद्री होवो नाहीतर शेतकरी. आणि हे तो म्हणू शकला, कारण प्रत्येक मुलाच्या घरी सुरी होतीच! शाळेला नवं हत्यार ओळखीचं करून द्यायचं नव्हतं. वडिलांच्या कमरेची वस्तू फळ्याशेजारी आणायची होती एवढंच.

त्याच्यापासून धडा घेतला शेजारच्या स्वीडनमधल्या ओटो सॅलोमनने. नॅस नावाच्या ठिकाणी त्याच्या श्रीमंत मामाची जहागीर होती, तिथे त्याने शिक्षकांसाठी हस्तकामाचं विद्यालय काढलं. १८७७ मध्ये तो सिग्नेउसला जाऊन भेटला. स्वीडिश भाषेत या हस्तकामाला 'स्लॉइड' म्हणतात आणि याच नावाने ते जगभर गेलं. देशोदेशीचे शिक्षक नॅसला उन्हाळ्यात येऊन शिकून जायचे, त्यांत शिक्षिकाही पुष्कळ. सॅलोमनने सोप्यापासून अवघडापर्यंत वस्तूंची एक माळच ठरवून दिली होती. तिच्यातली पहिली वस्तू कोणती असेल? अक्षरांवर बोट ठेवायच्या ऐवजी वापरायची एक बारीक लाकडी काडी! ती फक्त सुरीने करायची. करवत नाही, रंधा नाही. त्याचं कारण तो सांगायचा की सुरी हे सगळ्यात साधं, सगळ्यात ओळखीचं आणि सगळ्यात जास्त कामांना येणारं हत्यार आहे. जिने छत्तीस वर्षं फळ्यापुढे हातात छडी घेऊन उभं राहून काढली, तिला ही काडी वाचून किती गंमत वाटली असेल, विचार करा. ती काडी मुलाने स्वतः कोरलेली असती, तर तिचा मारायला उपयोग करायचं धाडस कुणाला झालं नसतं.

एक मात्र खटकलं, ते लिहिते. १८६६ च्या त्या व्यवस्थेत सुरी आणि लाकूड मुलांना. मुलींच्या वाट्याला सुया आणि लोकर. आपल्याकडे पात्यांची वाटणी जातीने झाली, तिकडे बाई-पुरुष अशी झाली. ती मोडायला त्यांनाही शंभरावर वर्षं लागली. माझी पुतणी सध्या हेलसिंकीजवळ एस्पोला असते. तिची मुलगी तिथल्या शाळेत शिवण आणि लाकूडकाम दोन्ही शिकते. २०१६ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात तर हा एकच विषय करून टाकलाय, मुलगा असो की मुलगी. तिने लोणी लावायची लाकडी सुरी स्वतः कोरून घरी आणली. आमच्या घराण्यात लाकडाची वस्तू करणारी ती पहिली. आमच्या सात पिढ्यांत कुणी पातं धरलं असेल तर ते बोरू तासायला.

मग हा विचार आपल्याकडे कधी आलाच नाही का? आला होता, आणि फार लांबून नाही. शांतिनिकेतनचे लक्ष्मीश्वर सिन्हा नावाचे एक शिक्षक १९२८ च्या सुमारास स्वीडनला गेले आणि नॅसला स्लॉइड शिकले. एस्पेरान्तो भाषेचे ते मोठे अभ्यासक. त्या भाषेत त्यांनी स्वीडनभर हिंदुस्थानावर व्याख्यानं दिली. त्याच शांतिनिकेतनातून आर्यनायकम् आणि आशादेवी हे जोडपं वर्ध्याला आलं. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन समिती नेमली गेली, आणि 'नई तालीम' जन्माला आली. समितीने सुचवलेल्या मूलोद्योगांत सूतकताई-विणकाम होतं, शेती होती, आणि सुतारकामही होतं. अहवालातला एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: हाताने काम करणारे आणि डोक्याने काम करणारे यांच्यातली भिंत या शिक्षणाने पडावी. म्हणजे पात्यांची वाटणी मोडायचं काम त्यांनी शाळेवर सोपवलं होतं. सिग्नेउसला जे आयतं मिळालं होतं, ते इथे आधी निर्माण करायचं होतं.

मुंबई इलाख्यात तेव्हा बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं आणि शिक्षण खातं त्यांच्याचकडे. मूलोद्योग शाळा निघाल्या. त्याचं शेपूट माझ्या लहानपणापर्यंत पोचलं होतं. प्राथमिक शाळेत आम्ही टकळीवर सूत कातायचो. पेळू, टकळी, आणि बाईंची नजर चुकवून एकमेकींच्या वेण्यांत अडकवलेला धागा. सूत तुटायचं फार. पण टकळी निदान सगळ्यांची होती, ब्राह्मणाच्या मुलीची आणि कुंभाराच्या मुलाची सारखीच. लाकूडकाम मात्र आमच्या शाळेपर्यंत कधी आलं नाही. मला नेहमी वाटतं, टकळी निवडली जाण्यामागे खादीचं राजकारण होतंच, पण तिला धार नव्हती हेही एक कारण असावं. मास्तरांना बरं पडलं.

नई तालीम का मागे पडली यावर पुस्तकं आहेत. मला दिसतं ते इतकंच, की खेड्यातल्या आई-बापांना कळत होतं की साहेबांची मुलं शहरात इंग्रजी शिकतायत आणि आपल्या मुलांच्या हातात टकळी दिलीय. त्यांचा संशय रास्त होता. ज्याच्या बापजाद्यांनी पिढ्यानुपिढ्या पातं धरलं त्याच्या मुलाला पुन्हा पातं देऊन काय मिळणार? द्यायला हवं होतं ते माझ्या बापजाद्यांच्या घरी. तिथे ते पोचलं नाही.

पुढे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये 'कार्यानुभव' सुचवला. माझ्या नोकरीच्या काळात तो वेळापत्रकात होता. एका शाळेत (नाव कशाला हवं) कार्यानुभवाची तासिका दहावीच्या वर्गात गणिताला दिली जायची आणि वर्षाच्या शेवटी थर्मोकोलचे ताजमहाल एका रांगेत मांडून ठेवायचे. ते ताजमहाल कुठल्या दुकानात तयार मिळतात हे मुलांना, पालकांना आणि आम्हाला, तिघांनाही ठाऊक असायचं.

तरी महाराष्ट्रात एक माणूस असा झाला, ज्याने हे करून दाखवलं. डॉ. श्रीनाथ कलबाग. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून ते पुणे जिल्ह्यात पाबळला गेले आणि १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सोडलेली मुलं तिथे सुतारकाम, वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती असं सगळं हाताने करत शिकतात, आणि त्यातून निघालेला अभ्यासक्रम खेड्यांतल्या माध्यमिक शाळांतही गेला. कलबाग २००३ मध्ये वारले. काम चालू आहे. अलीकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, सुतार-कुंभार-माळी यांच्याकडे शिकायला पाठवावं असं म्हटलंय. दहा दिवस! लाकडाला हात ओळखीचा व्हायला महिना लागतो हो. पण असू दे, शून्यापेक्षा दहा बरे.

तर हे सगळं डोक्यात घेऊन मी सुरी शोधायला लागले. ज्यांना घ्यायची असेल त्यांच्यासाठी आता कामाचं लिहिते.

पहिली गोष्ट, मिटणारा चाकू नको. हिंदी सिनेमाने आपल्या डोक्यात चाकू म्हणजे खटका दाबून उघडणारा रामपुरी असं पक्कं केलंय. कोरताना जोर लावला की बिजागरीचं पातं बोटांवर मिटू शकतं. पातं मुठीत पक्कं बसवलेलंच हवं. दुसरं, लांबी. लोकांना वाटतं मोठी सुरी म्हणजे चांगली. लाकूड कोरायला पातं सहा ते नऊ सेंटिमीटर पुरतं. लांब पात्याचं टोक कुठे फिरतंय इकडे लक्ष राहत नाही. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे धारेची घडण. आपल्या स्वयंपाकाच्या सुरीला अगदी कडेला एक बारीक दुसरा उतार असतो. पूक्कोला तो नसतो. पात्याच्या मध्यापासून धारेपर्यंत दोन्ही बाजूंना एकच रुंद सपाट उतार. तो उतार लाकडावर टेकवला की रंध्याच्या बुडासारखा टेकून राहतो आणि पातं किती खोल जायचं ते हाताला कळतं. धार लावायलाही हे सोपं; उतार सपाट निसण्यावर टेकवायचा आणि घासायचा. कोन शोधत बसायला लागत नाही. शेवटी न्हावी वस्तरा पट्ट्यावर फिरवतो तशी जुन्या चामडी पट्ट्यावर दहा-बारा वेळा फिरवली की झालं.

मग पोलाद. न गंजणारं की साधं? साध्या कार्बनच्या पोलादाला धार झटकन येते. पण आपण राहतो खाडीकाठी. नवी मुंबईचा पावसाळा आणि खारी हवा कुठल्याही लोखंडाला सोडत नाही. आमच्या खिडकीचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात. म्हणून रोज पुसायचा आळस असेल त्याने न गंजणारंच घ्यावं. मी आळशी नाही.

फिनलंडच्या कारखान्यांत रोवानिएमीचा मार्तीनी (१९२८ पासून) प्रसिद्ध आहे. पण स्वस्तात कोरीव कामाला जगभर जी सुरी वापरतात ती खरं तर शेजारच्या स्वीडनमधल्या मोरा गावची. तिथे १८९१ पासून सुऱ्या होतात. त्यांच्या लाकूड कोरायच्या सुऱ्यांत कडक पोलादाचा गाभा मऊ पोलादाच्या दोन थरांमध्ये असतो, सँडविचसारखा. तिकडे ही शाळकरी मुलांना परवडणारी वस्तू आहे. इथे दारात पोचेपर्यंत मात्र जकात, टपाल आणि मधल्या माणसाचा नफा धरून ती पेन्शनरांची राहत नाही.

कायद्याचंही बघून घेतलं, कारण दीरांनी तीच भीती घातली होती. शस्त्र नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांना परवाना लागतो, त्यातूनही घरकामाची, शेतीची, उद्योगाची हत्यारं वगळलेली आहेत. माझी सुरी तीन इंचांची. तरी ती पर्समध्ये टाकून लोकलने हिंडू नये. पोलिसांचे जमावबंदीचे, शस्त्रबंदीचे हुकूम अधूनमधून निघत असतात. फिनलंडमध्येसुद्धा आता कामाशिवाय सुरी घेऊन रस्त्यावर फिरायला बंदी आहे.

तेव्हा ठरवलं, इथेच करून घ्यायची. पनवेलच्या बाहेर रस्त्याकडेला एका घिसाडी कुटुंबाची पालं पडली होती. घिसाडी म्हणजे फिरते लोहार, आपल्या राज्यात भटक्या जमातींच्या यादीत आहेत. कोयते, विळे, कुऱ्हाडी, पारई करतात. तुम्ही पाहिलं असेल, यांच्यात पुरुष सांडशीत लोखंड धरून बसतो आणि घण बाई मारते. चाळिशीची बाई, अंगापिंडाने माझ्याहूनही लहान, पण घण असा पडायचा की जमीन हलावी. मी पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला होता. नवऱ्याने तो उलटासुलटा करून बघितला. "बाई, याने काय कापणार? कांदा?" म्हटलं, लाकूड कोरणार. दोघं एकमेकांकडे बघून हसली. लाकूड कोरणारी म्हातारी त्यांनी बघितली नसावी.

ट्रकच्या जुन्या पाट्याचं पोलाद त्याने निवडलं. मी जुनी कानस सुचवली होती. तो म्हणाला, कानस फार कडक, तुमच्या हातात टोक उडेल. पाटा वाकतो पण मोडत नाही. भात्यासमोर पातं चेरीसारखं लाल झालं, मग घण, परत भट्टी, परत घण. शेवटी पाणी दिलं, म्हणजे तापलेली धार बुडवून कडक केली, आणि पुन्हा हलक्या आचेवर धरून कडकपणा थोडा उतरवला. रंग गव्हाच्या पेंढ्यासारखा पिवळा होताच त्याने हात काढला. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात आहे सांगा. आणि त्यांची मुलं? पाल उठलं की शाळा सुटते. आमच्या मुलांना हात नाही, यांच्या मुलांना पाटी नाही. भिंत पडायची होती ती हीच.

मजुरी चारशे रुपये सांगितली, मी घासाघीस केली नाही. उतार मात्र त्याने सवयीने कुऱ्हाडीसारखा फुगीर काढला होता. तो सपाट करायला मला घरी निसण्यावर तीन दुपारी लागल्या. मुठीसाठी आमच्या जुन्या शिसवी लाटण्याचा तुकडा दिला होता, त्याने पात्याची शेपटी लाल करून त्यात जाळत बसवली. लाटणं गोल, त्यामुळे मूठ हातात फिरायची. मी ती कानशीने घासून अंडाकृती केली. म्हणजे आता डोळे मिटूनही धार कुठे आहे ते तळव्याला कळतं. पूक्कोच्या मुठी अशाच का असतात ते मला तेव्हा समजलं.

लाकडाचं म्हणाल तर पावसाळ्याआधी महापालिका फांद्या छाटते तेव्हा हवं तेवढं मिळतं. ओलं लाकूड कोरायला मऊ. गुलमोहर ठिसूळ निघाला. पांगारा सगळ्यात चांगला. सावंतवाडीचे चितारी लाकडी फळं करायला पांगाराच वापरतात. आपल्या आज्यांची ठकी बाहुलीही तिकडच्याच लाकडी कामातली. कण्हेरीच्या वाटेला जाऊ नका, विषारी असते. आणि एक लक्षात ठेवा, बोथट सुरीच बोट कापते, कारण तिच्यावर जोर लावावा लागतो.

पहिले दोन दिवस मला काही केल्या जमेना. मनगटात तेवढी ताकद आता नाही. मग कोरीव कामाच्या माहितीत एक पद्धत वाचली: सुरीची मूठ गुडघ्यापाशी घट्ट टेकवून ठेवायची, पातं हलवायचंच नाही, आणि लाकूड आपल्याकडे मागे ओढायचं. वाचून मी मोठ्याने हसले. ही तर विळी! पातं जागेवर, वस्तू हलती. साठ वर्षं मी दुसरं काय केलंय? स्टुलावर बसले, सुरी गुडघ्याशी धरली, पांगाऱ्याचा तुकडा ओढला, आणि लांबलचक, कुरळी, अखंड साल निघाली, अगदी दुधीची निघते तशी.

आतापर्यंत दोन चमचे, एक भातवाढणी आणि एक वाकडी काडी झाली आहे. काडी एस्पोला पाठवली. भातवाढणी शेजारच्या बाईंनी मागून नेली आणि सुताराकडून आणली का म्हणून विचारलं. सोसायटीतल्या तीन मुली आणि एक मुलगा रविवारी सकाळी येऊन बघत बसतात. त्यांच्यासाठी बोथट टोकाच्या चार लहान सुऱ्या करून घ्यायच्या आहेत. पण घिसाड्यांची पालं उठली. पुढच्या बाजारापाशी, खोपोलीच्या अंगाला गेलीत असं चहावाल्याने सांगितलं. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा जाऊन यायला हवं. पुठ्ठ्याचे नमुने कापून ठेवलेत.